‘हो’ म्हटलं, पण कुणाला? : फसवणूक, संमती आणि कायदा

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या कायदा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. चर्चेतले काही भाग जागेअभावी गाळले आहेत. – संपादक मंडळ)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, “ताई, बाई स्वतःच्या मर्जीनं त्याच्याबरोबर राहिली, तर नंतर तो खोटा निघाला म्हणून बलात्कार कसा म्हणायचा?” प्रश्न विचारताना ती जरा संकोचली होती, चळवळीतल्या बाईने असं विचारू नये असं तिला वाटत होतं. पण मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. पोलीस हाच प्रश्न विचारतात, वकील विचारतात, न्यायाधीशही विचारतात. आपण तो आपापसात नीट विचारला नाही, तर त्यांच्यापुढे आपल्याला उत्तर देता येणार नाही. म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, दवाखान्यात आयाचं काम. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून आलेल्या एका माणसाशी ओळख झाली. त्याने सांगितलं, माझी बायको वारली, मी एकटाच आहे. देवळात हार घातले, गळ्यात मंगळसूत्र बांधलं. तीन वर्षं संसार झाला, एक मुलगा झाला. आणि एका दिवशी त्याची बायको, न वारलेली, दोन मुलांना घेऊन दारात उभी राहिली. मग कळलं की नावसुद्धा अर्धंच खरं होतं.

पोलीस ठाण्यात त्यांना विचारलं गेलं, “तीन वर्षं राजीखुशीनं राहिलात ना? मग आता कसली फसवणूक?” केंद्रात आल्यावर त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, मी ह्या माणसाला हो म्हटलंच नव्हतं. मी हो म्हटलं होतं ते बायको मेलेल्या माणसाला.”

संमतीबद्दल मी बरीच पुस्तकं वाचली, पण इतक्या थोडक्यात हा प्रश्न मला कुणी समजावून सांगितला नव्हता. होकार हवेत नसतो. तो कुणाला तरी, कशासाठी तरी, काहीतरी धरून दिलेला असतो. ते ‘काहीतरी’ समोरच्याने जाणूनबुजून खोटं रचलं असेल, तर त्या होकाराचं काय करायचं?

नवऱ्याचा तोतया

आपल्या कायद्याने या प्रश्नाला पहिलं उत्तर १८६० साली दिलं. भारतीय दंड संहितेच्या ३७५ कलमात बलात्काराच्या व्याख्येत एक पोटकलम होतं. एखादा पुरुष आपण तिचा नवरा नाही हे जाणतो, पण ती त्याला आपला कायदेशीर नवरा समजून संमती देते, तर तो बलात्कार. दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि ते पोटकलम ६३ व्या कलमात जवळजवळ जसंच्या तसं येऊन बसलं. १९८३ ची दुरुस्ती झाली, २०१३ ची झाली, त्याला धक्का लागला नाही.

वरवर पाहता हे बाईच्या बाजूचं वाटतं. पण जरा थांबून पाहा. सगळ्या फसवणुकींमधून कायद्याने १८६० साली एकच फसवणूक एवढी गंभीर मानली : परक्या पुरुषाने नवऱ्याच्या जागी येणं. आणि त्याच कलमात अपवाद काय आहे? खऱ्या नवऱ्याने जबरदस्ती केली तर तो बलात्कार नाही. तोही अपवाद नव्या संहितेत कायम आहे. म्हणजे खोटा नवरा आला तर गुन्हा, खऱ्या नवऱ्याने बळजबरी केली तर गुन्हा नाही. या दोन्ही वाक्यांत बाईच्या इच्छेपेक्षा नवऱ्याच्या हक्काचीच राखण आहे.

तरीही या पोटकलमाचा उपयोग झालेला आहे. पहिलं लग्न लपवून दुसरीशी लग्न करणाऱ्या चंडीगडच्या एका पुरुषाची बलात्काराची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली कायम ठेवली. ती त्याला आपला कायदेशीर नवरा समजत होती, आणि आपण तसे नाही हे त्याला ठाऊक होतं. आमच्या केंद्रातल्या बाईंचं म्हणणं हेच होतं. ते कायद्यात बसू शकतं, हे पोलीस ठाण्यातल्या साहेबांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दुसरीही कलमं आहेत. आपलं कायदेशीर लग्न झालं आहे असं बाईला फसवून वाटायला लावायचं आणि तिच्याशी संबंध ठेवायचे, हा जुन्या ४९३ व आताच्या ८१ कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण तो दखलपात्र नाही. पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, बाईला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागते. आणि द्विभार्येचं कलम लावायचं तर दुसरं लग्न विधिवत झाल्याचं सिद्ध करावं लागतं. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गांधर्व पद्धतीच्या त्या लग्नात आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून दुसरं लग्न झालंच नाही, म्हणून गुन्हा नाही. गंमत बघा. ज्याने देवळात नुसते हार घालून बाईला फसवलं, तो भटजी बोलावून फसवणाऱ्यापेक्षा सहज सुटतो. फसवणूक जितकी कच्ची, तितका फसवणारा सुरक्षित!

वचन आणि जात

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा सगळ्यात मोठा : “लग्न करीन म्हणाला आणि फिरला.” वस्तुस्थितीविषयी गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, असं जुनं ९० कलम म्हणत होतं, आताचं २८ म्हणतं. अट एकच, समोरच्याला तो गैरसमज माहीत असला पाहिजे. मग ‘लग्न करीन’ हे वचन वस्तुस्थिती आहे का? यावर न्यायालयं पन्नास वाटांनी गेली. आज ढोबळपणे नियम असा आहे : वचन देतानाच ते पाळायचा विचार नसेल तर फसवणूक, आणि खरोखर दिलेलं वचन पुढे मोडलं तर फक्त वचनभंग. २०१९ साली छत्तीसगडच्या एका डॉक्टरची दोषसिद्धी कायम झाली, कारण त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असताना तो हिला वचन देत होता.

नियम म्हणून हा फरक मला मान्य आहे. माणसाचं मन बदलू शकतं, बाईचंही बदलतं. प्रेम संपलं म्हणून कुणाला तुरुंगात घालावं असं आपण म्हणणार नाही. पण हा नियम लावताना काय होतं ते बघा. २००३ सालच्या कर्नाटकातल्या खटल्यात न्यायालयाने मुलाला सोडलं. जी कारणं दिली त्यात एक असं : दोघांची जात वेगळी आहे आणि घरून विरोध होणार, हे मुलीला माहीत होतं. २०१९ च्या महाराष्ट्रातल्या खटल्यातही संबंध बरीच वर्षं होते, पुढे पुरुषाने जातीचं कारण सांगून माघार घेतली, आणि न्यायालय म्हणालं की वचन सुरुवातीपासून खोटं होतं असं दिसत नाही.

म्हणजे जात उघड असली, की ती बाईच्या विरुद्ध पुरावा होते. “तुला माहीत होतं ना तो वरच्या जातीचा आहे? मग लग्न होणार नाही हेही तुला समजायला हवं होतं.” दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या किती मुलींना हे वाक्य ऐकावं लागलं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरुषाला संबंधाच्या वेळी जात आडवी येत नाही, लग्नाच्या वेळी येते, आणि त्याच्या या सोयीलाच न्यायालय ‘परिस्थिती’ म्हणतं.

कलम ६९ : ‘ओळख लपवून’

हे लक्षात ठेवा, कारण आता जात उलट्या बाजूने येणार आहे. न्याय संहितेत एक नवं कलम आहे, ६९. फसवणुकीच्या मार्गाने, किंवा पाळायचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन स्त्रीशी संबंध ठेवला, आणि तो बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला, तरी दहा वर्षांपर्यंत शिक्षा. फसवणुकीच्या मार्गांत तीन गोष्टी खुलाशात दिल्या आहेत : नोकरी किंवा बढतीचं आमिष किंवा खोटं वचन, आणि ओळख लपवून लग्न करणं.

नोकरी आणि बढतीचं कलमात आलं, हे चांगलं झालं. मुकादम, ठेकेदार, संस्थाचालक हे काय करतात ते आपण जाणतो. पण ‘ओळख’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. नाव? वय? आधीचं लग्न? की जात आणि धर्म?

आपण भाबडेपणाने वाचायला नको. हे कलम ज्या काळात आलं, त्याच काळात उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातेत धर्मांतरविरोधी कायदे लग्नांना लावले जात होते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच त्यातून आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तथाकथित ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली. अशा हवेत ‘ओळख’ हा शब्द कुणाच्या हातात जाईल?

आमच्या भागात तो कुणाच्या हातात गेला ते सांगते. एका मुलीने, वय बावीस, दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. वडिलांनी तक्रार दिली की मुलाने जात लपवून मुलीला फसवलं. मुलीला घरी आणून ठेवलं, फोन काढून घेतला. आम्ही धावपळ करून तिचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे होईल असं पाहिलं. तिथे ती म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या वस्तीत, त्याच्या आईच्या हातचं मी जेवले आहे.” संपलं. पण तो जबाब झाला नसता तर? ‘फसलेली मुलगी’ म्हणून तिच्या नावाने तिच्याच नवऱ्यावर खटला चालला असता.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. जात उघड होती तर कायदा म्हणतो, तुला माहीत होतं, फसवणूक नाही. जात झाकलेली होती असं कुणी म्हटलं, तर फसवणूक. दोन्हीकडे जिंकते ती जातच. बाई काय धरून हो म्हणाली, हे दोन्हीकडे कुणी विचारतच नाही.

दुसरीकडे काय घडलं

हे फक्त आपल्याकडचं नाही. जेरुसलेममध्ये २०१० साली एका अरब पुरुषाला, ज्यू असल्याचं भासवून एका ज्यू स्त्रीशी संबंध ठेवल्याबद्दल, ‘फसवणुकीने बलात्कार’ म्हणून दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे वरच्या न्यायालयाने ती नऊ महिन्यांवर आणली. जगभर त्यावर चर्चा झाली. पण नंतर बाहेर आलं की त्या स्त्रीची मूळ तक्रार सरळ जबरदस्तीची होती. सरकारी पक्ष आणि बचाव पक्ष यांच्यातल्या तडजोडीत तिचं रूपांतर ‘तो अरब असल्याचं लपवलं’ यात झालं. त्याचा वंश मोठा झाला आणि तिच्यावरची जबरदस्ती कागदावरून नाहीशी झाली.

इंग्लंडमध्ये अनेक वर्षं पोलिसांचे हेर खोटी नावं घेऊन चळवळींच्या गटांत शिरले. तिथल्या कार्यकर्त्या बायकांशी त्यांनी वर्षानुवर्षं संसार केले, काहींना मुलं झाली. बायका आपल्यासारख्याच, सभांना जाणाऱ्या, पत्रकं वाटणाऱ्या. २०१५ साली लंडनच्या पोलीस दलाने त्यांतल्या सात जणींची जाहीर माफी मागितली. पण त्या संबंधांबद्दल या हेरांवर बलात्काराचा खटला भरायचा नाही, असं सरकारी वकिलांनी २०१४ साली ठरवलं, आणि २०१८ साली उच्च न्यायालयानेही तो निर्णय उलटवला नाही. त्याच देशात २०१३ साली, मुलगा म्हणून वावरणाऱ्या एका तरुण व्यक्तीने मैत्रिणीपासून आपलं लिंग लपवलं, तर ती संमती खरी नव्हती असं अपील न्यायालयाने धरलं आणि दोषसिद्धी कायम ठेवली.

पोलिसाने नाव, धंदा, बायको, सगळं आयुष्य लपवलं तर चालतं. अल्पसंख्याकाने, तृतीयपंथीयाने ओळख लपवली तर गुन्हा. कोणती ओळख ‘महत्त्वाची’, हे बाई ठरवत नाही, सत्ता ठरवते.

मग आपण काय म्हणायचं?

काही मैत्रिणी म्हणतात, खोटं ते खोटं, सगळ्याच फसवणुकीला बलात्कार म्हणा. मला ते पटत नाही. पगार वाढवून सांगितला, वय कमी सांगितलं, टक्कल लपवलं, याला आणि बळजबरीला एकच शब्द वापरला तर तो शब्द बोथट होईल. मथुरा खटल्यानंतर, १९७९ सालच्या चार प्राध्यापकांच्या त्या खुल्या पत्रानंतर, ‘शरण जाणं म्हणजे संमती नव्हे’ एवढं मान्य करून घ्यायला आपल्याला रस्त्यावर यावं लागलं होतं. तो शब्द आपण जपून वापरला पाहिजे. दुसऱ्या टोकाला काही म्हणतात, सज्ञान बाई आहे, तिने चौकशी करायला हवी होती. तेही मला पटत नाही. चोरी झाली की घराला कुलूप का नव्हतं एवढंच विचारून पोलीस परत जात नाहीत.

माझ्यापुढे तक्रार येते तेव्हा मी तीन प्रश्न विचारते. ते तुमच्यापुढे ठेवते, पटतात का पाहा.

पहिला : तिने कशाच्या आधारावर हो म्हटलं, आणि ते त्याला माहीत होतं का? ‘मी विवाहित पुरुषाशी संबंध ठेवणार नाही’ असं जिने ठरवलं आहे, तिच्याशी पहिली बायको मेली म्हणून खोटं बोलणारा तिच्या निर्णयावरच घाला घालतो. आजार लपवणारा, निरोध वापरतो म्हणून गुपचूप न वापरणारा, यांनाही हेच लागू आहे. तिच्या शरीराचं पुढे काय होणार ते तो तिला न विचारता ठरवतो.

दुसरा : लपवणाऱ्याने काय मिळवण्यासाठी लपवलं? शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव न सांगणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. मार खाऊ नये म्हणून आपलं लिंग न सांगणारी माणसंही आहेत. त्यांचं गप्प राहणं आणि मुकादमाने रचलेला खोटा संसार, हे एका मापाने मोजता येणार नाही.

तिसरा, आणि सगळ्यात सोपा : तक्रार कुणाची आहे? तिची, की तिच्या बापाची, भावाची, समाजाच्या पुढाऱ्यांची?

मला अडचणीचा प्रश्न विचाराल, तो मीच विचारते. बाईच म्हणाली की त्याची जात कळली असती तर मी हो म्हटलंच नसतं, तर? तिला फसल्यासारखं वाटतं हे खरं आहे, आणि मी तिला खोटं ठरवणार नाही. तिला त्या घरातून बाहेर पडता आलं पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न रद्द करून घेण्याची सोय आहे, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पण केवळ जात किंवा धर्म सांगितला नाही म्हणून सरकारने माणसाला तुरुंगात टाकावं, हे मला मान्य नाही. तसं केलं तर जात ही माणसाची खरी ओळख आहे, असं आपणच कायद्याकडून वदवून घेतो. त्याने जातीबरोबर नाव, गाव, बायको-मुलं असा सगळा डाव रचला असेल, तर खटला त्या डावाबद्दल होऊ द्या.

आता कामाचं. एक, फिर्याद लिहिताना ‘फूस लावून’, ‘अब्रू घेतली’ असले शब्द लिहू देऊ नका. तो नेमकं काय म्हणाला, केव्हा म्हणाला, तिने त्यावरून काय ठरवलं, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. दोन, फक्त ६९ वर थांबू नका. पहिलं लग्न लपवलेलं असेल तर ६३ मधलं ते पोटकलम आणि ८१ पाहा. तीन, मुलगी सज्ञान असेल आणि तक्रार घरच्यांची असेल तर तिचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ कलमाखाली लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटपुढे होईल असं पाहा. चार, ‘ओळख’ या शब्दाची व्याख्या करा आणि तीत जात-धर्म नको, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात यायला हवी. आणि पाच, पोटगी विसरू नका.

शेवटचं यासाठी सांगते, की त्या आयाबाईंना त्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. त्यांना मुलाचा खर्च हवा होता, आणि आणखी एक गोष्ट हवी होती. २०१३ साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पहिलं लग्न लपवून ज्याने फसवलं, त्याला ‘ती माझी कायदेशीर बायकोच नाही’ असं म्हणून पोटगी चुकवता येणार नाही. त्या निकालाच्या आधारावर आम्ही अर्ज केला. तारखांवर तारखा पडल्या. पोटगी मिळाली, फार नाही, आणि तीही दर महिन्याला मिळते असं नाही.

निकालाच्या दिवशी मी त्यांना कागद वाचून दाखवत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून मला ती पुन्हा वाचायला लावली. त्या ओळीत न्यायाधीशांनी लिहिलं होतं की अर्जदाराची फसवणूक झाली आहे. “म्हणजे मी ठेवलेली नव्हते, असं कोर्ट म्हणतंय ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हो.”

गावाने त्यांना जे नाव दिलं होतं ते पुसून घ्यायला त्यांना चार वर्षं लागली. त्यांचा होकार कुणाला होता, हे विचारायला पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात कुणी तयार असतं, तर एवढा काळ लागला नसता. निदान आपल्या केंद्रांत तरी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा, एवढंच मला सांगायचं होतं.